आटपाची मेंढी

त्याला सगळे आटपा म्हणत. तोंडावर नाही, पण फार लपूनही नाही. सकाळी अंगणात पाय ठेवल्यापासून संध्याकाळी खाटेवर अंग टाकेपर्यंत त्याच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत, त्यांत 'आटपा'चाच भरणा जास्त. "ते जरा इकडे घ्या, आटपा." "तिकडचं बघा, आटपा." काय घ्यायचं, तिकडचं म्हणजे कुठलं आणि बघून पुढे करायचं काय, हे कुणी विचारायच्या आत स्वारी पलीकडच्या बांधावर पोचलेली असे. माणूस कामाला वाघ. फावडं हातात घेतलं की कुणाला ऐकत नसे. व्यसन नाही, लबाडी नाही, दुसऱ्याच्या बांधावर डोळा नाही. जमेच्या बाजूला हे एवढं सगळं आणि नावे एकच गोष्ट: हुकूम अर्धा द्यायचा आणि काम मात्र पुरतं मागायचं.

तरी संसार चालला होता आणि बरा चालला होता. आपल्या हुकमावर चाललाय, असं आटपाला वाटे. खरी गोष्ट अशी, की बायको त्याच्या चार पावलं मागून चालायची. तो "बघा जरा" म्हणून पुढे सटकला, की ती थांबायची आणि गड्याला हळूच सांगायची, "कोपऱ्यातल्या वाफ्याचा वरंबा खचलाय. तो आधी धरा, मगच पाणी घ्या. आणि भरला की दार लावा." नवऱ्याच्या प्रत्येक हुकमाचा उरलेला अर्धा भाग तिच्या पदरात असायचा. ती तो इतक्या सहज वाटत जायची, की आटपाला लग्न झाल्यापासून एकदाही त्याचा पत्ता लागला नव्हता.

यंदा कांद्याच्या लागणीच्या तोंडावर ती दवाने भिजलेल्या बांधावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, घसरड्यात पाऊल टाकायचं नाही. हात गळ्यात अडकवून ती अंगणातल्या खाटेवर बसली. समोर उतारावर रान दिसायचं. दिसायचं सगळं, पण तिचा आवाज तिथवर पोचायचा नाही.

त्यात थोरल्या भावाशी बोलणं बंद. घर एक, मधे भिंत. विहीर एक, मोटर एक, पाण्याची पाळी वाटून घेतलेली. दरसाल दोन्ही घरं मिळून लागण करायची, आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. यंदा मात्र रोप वीतभर असतानाच बिनसलं. आटपाने दादाला जाता जाता सांगितलं होतं, "तुझं झालं की पाणी इकडे वळव." दादाने आपलं झाल्यावर पाणी वळवलं आणि तो घरी जाऊन जेवायला बसला. आटपाचा रोपाचा वाफा दिवसभर पाण्यात उभा राहिला, निम्मं रोप सडलं. आटपा म्हणाला, दादाने मुद्दाम केलं. दादा काहीच म्हणाला नाही. दादा मुळात बोलायचा कमी, आणि राग आला की तेवढंही बंद करायचा. तेव्हापासून एकाच विहिरीचं पाणी दोन अबोल्यांना पुरत होतं.

उरलेलं रोप आता जून व्हायला लागलं होतं. पात दाटली होती, मान जाड होत होती. आठवडाभरात जमिनीत गेलं नाही, तर कांदा पोसायचा नाही, नुसते फुलांचे दांडे, डेंगळे, धरून वर येणार. मजूर सगळ्यांनी आधीच धरून ठेवलेले. आटपाकडे माणसं उरली दोन, एक तो स्वतः आणि एक त्याची मुलगी.

मुलगी अंगाने बारकी, पण सदा काहीतरी उचलून चाललेली, म्हणून मुंगी. सहावीत होती. सकाळी रानात यायची, दुपारी शाळेत जायची. यंदा शाळेत टॅबची पेटी आली होती आणि दुपारच्या तासाला बाई त्यावर ठोकळे लावायला शिकवत. पेटी एका शाळेत कायम राहत नसे. थंडी सरली की ती पुढच्या गावच्या शाळेत जाणार होती. ज्याने शिकून घेतलं त्याचं झालं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं, की बांधावरची बाभूळ नुसत्या सावलीसारखी उभी होती. आटपा वाफ्यात वाकून मागे मागे सरकत लागण करत होता. डाव्या मुठीत रोपाची जुडी, उजव्या अंगठ्याने एकेक रोप चिखलात दाबायचं. पेरांना भेगा पडलेल्या, त्यांत गारठ्याचा चिखल जाऊन बोटं चुरचुरत होती. मुठीतली जुडी संपत आली.

"मुंगे, पाट उघड आणि रोपं आण," तो मान वर न करता म्हणाला.

"मग?" मुंगीने विचारलं.

"मग काय मग? आटप!"

मुंगीने माती ओढून पाटाचं दार मोडलं, पाणी वाफ्यात सोडलं आणि ती रोपं उपटायला वरच्या वाफ्याकडे गेली. रोप उपटायचं म्हणजे मुळं तुटता कामा नयेत, माती झटकायची, जुड्या बांधायच्या. पोर मन लावून करत बसली. पाणीही आपलं काम मन लावूनच करत होतं. एक वाफा भरला, दुसरा भरला, आटपाची पाठ तिकडे. शेवटी वरंबा ओलांडून सामाईक बांधाला फट सापडली आणि पाणी दादाच्या रानात उतरलं. दादाने आदल्या दिवशी भुसभुशीत करून ठेवलेल्या वाफ्यांचा रबडा झाला.

आटपाला कळलं ते पलीकडून फावड्याचा आवाज आला तेव्हा. दादा गुडघाभर चिखलात उभा राहून बांधाची फट बुजवत होता. ती बुजवून तो वर आला, आटपाच्या पाटाचं दारही त्यानेच मातीची ढेकळं टाकून लावलं. फावडं बांधावर ठोकून चिखल झाडला आणि धाकट्या भावाकडे एकदा बघितलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"अक्कल आहे का तुला?" दादा लांब गेल्यावर आटपा मुलीवर कडाडला. "पाणी चालू टाकून जातात का?"

"तुम्ही लावायचं सांगितलंच नव्हतं, बाबा."

"ते काय सांगावं लागतं?"

"मी 'मग?' म्हणून विचारलं होतं," मुंगी म्हणाली. उर्मटपणाने नाही; तिला खरंच वाटत होतं, की आपण विचारलं होतं आणि ते महत्त्वाचं होतं. "आई असली की ती सांगते. आज तुम्हीच होता."

"हे शाळेत शिकवतात वाटतं? उलट बोलायला?"

"नाही. पण बाई म्हणतात, सांगितलं नाही ते होत नाही."

आटपाने जुडी वाफ्यात आदळली. "मग बाईंना सांगतोच मी. लागण होईपर्यंत शाळा बंद."

मुंगी पाटावर जाऊन पाय धुवायला लागली. पाय स्वच्छ झाले, तरी धूतच राहिली.

माणूस सरळ होता, म्हणून पोरीला नुसतं घरी ठेवून गप्प बसला नाही. बाईंना तोंडावर सांगावं, म्हणून दुपारी तिला पुढे घालून स्वतः शाळेत गेला. पायाचा चिखल वाळून पोटऱ्यांवर पांढरी खपली धरलेली. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. दाराशी चपलांचा ढीग. आत सतरंजीवर पोरं जोडीजोडीने डोकी एकत्र करून बसली होती, दर दोन डोक्यांत एक टॅब. कोपऱ्यात उघडी पेटी आणि तिच्यातून वेलासारख्या बाहेर आलेल्या वायरी.

बाई तरुण होत्या, सायकलवरून यायच्या, आणि कुणाशीही बोलताना आधी त्याला बसवायच्या.

"या ना, मुंगीचे बाबा. बरे आलात. बसा."

"बसायला वेळ नाही बाई, रान उघडं टाकून आलोय. मी काय म्हणतो, उद्यापासून..."

"आधी बसा तर. आज तुमची गरजच आहे. मुंगीची जोडीदारीण नाही आली." ती जोडीदारीण म्हणजे दादाची मुलगी भिंगरी. तिलाही तिच्या बापाने लागणीला जुंपलं होतं. दोघं भाऊ बोलत नसले, तरी डोकी सारखीच चालत. "एका टॅबला दोघं लागतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ठोकळे लावायचे. तुम्ही सांगा, मुंगी लावेल."

"मी सांगू?"

"सांगता येतं ना तुम्हाला?" बाईंनी अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं. मागे दोन-चार पोरं तोंडावर हात ठेवून खुदखुदली. आटपाच्या हुकमाची कीर्ती सतरंजीपर्यंत पोचलेली होती.

आता उठावं तर हरल्यासारखं दिसणार. आटपा बसला. पायाचा चिखल सतरंजीला लागू नये म्हणून गुडघे छातीशी घेऊन बसला आणि त्यामुळे सगळ्यांत मोठं पोर दिसायला लागला.

पडद्यावर एक मेंढी होती. तिच्यापुढे गवत, मग आडवा बांध, बांधाला वळसा घातला की तळं, आणि तळ्यापलीकडे गोठा. बाजूला रंगीत ठोकळे, प्रत्येकावर एकेक हुकूम लिहिलेला. ठोकळ्याला ठोकळा चिकटवायचा आणि हिरवं बटण दाबायचं. मेंढी हुकूम वरून खाली वाचत जाई आणि तसं वागे.

"हिला गोठ्यात ने," आटपा म्हणाला आणि काम झाल्यासारखा मागे टेकला.

"असा ठोकळा नाहीये, बाबा."

"नाही कसा? बरं, पुढे जा म्हण."

मुंगीने ठोकळा लावला. मेंढी एक पाऊल चालली आणि उभी राहिली.

"अगं चल ना!"

"एकच पाऊल सांगितलंत तुम्ही."

"मग चालतच राहा म्हणावं!"

मुंगीने 'पुन्हा पुन्हा' असा ठोकळा काढला आणि त्याच्या पोटात पाऊल बसवलं. मेंढी निघाली. टुकूटुकू चालत बांधाला जाऊन धडकली आणि तिथल्या तिथे पाय हलवत राहिली. नाक बांधाला, पाय चालू.

"वळ!" आटपा म्हणाला. मेंढी पाय हलवत होती. "अगं वळ म्हणतो ना! डोळे फुटले का? वळ, आटप!"

अख्खा वर्ग फुटला. एक पोरगी सतरंजीवर आडवी झाली. मुंगी हसली नाही. तिने खालचा ओठ दातांत धरून ठेवला होता. आटपाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे काय खरं नाही, बाई," तो म्हणाला. "मेंढ्या काय बघितल्या नाहीत मी? खरी मेंढी बांध दिसला की आपणहून वळते."

"वळतेच," बाई म्हणाल्या. "खऱ्या मेंढीला स्वतःची अक्कल असते हो. हिला आपली द्यावी लागते."

आटपाने पडद्याकडे पाहिलं. मेंढी अजून चालत होती, जराही न कंटाळता. तिच्या चेहऱ्यावर उर्मटपणा नव्हता, आळस नव्हता, बापाला अडवायचा बेत नव्हता. सांगितलं तेवढं करत होती बिचारी. ते बघताना त्याला सकाळचं पाणी आठवलं. तेही असंच, जराही न कंटाळता.

"थांबवायचं कसं हिला?" त्याने हळू आवाजात विचारलं.

मुंगीने एक निळा ठोकळा दाखवला. त्यावर '...पर्यंत' लिहिलं होतं आणि पुढे रिकामी जागा होती. "इथे सांगायचं, कुठपर्यंत ते."

"बांध लागेपर्यंत."

मुंगीने तसं बसवलं. मेंढी बांधापाशी गेली आणि शहाण्यासारखी थांबली. आटपाने गुडघ्यावरचा हात काढला.

"मग?" मुंगीने विचारलं.

'मग काय मग' त्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर मेंढी वाट बघत उभी होती आणि शेजारी पोर वाट बघत बसली होती, दोघींची तोंडं सारखीच. तो म्हणाला, "मग उजवीकडे वळव. मग बांध संपेपर्यंत चल. मग..." तळ्याचा अंदाज चुकला आणि मेंढी पाण्यात गेली. लगेच पुन्हा पहिल्या जागी कोरडी ठणठणीत उभी.

"हे बरं आहे," आटपा म्हणाला. "आमच्या रोपाचं असं होत नाही."

पुन्हा बुडाली, पुन्हा कोरडी झाली. दुपारचं ऊन खिडकीतून सतरंजीवर आलं आणि सरकत दाराकडे गेलं, तरी आटपाला रान आठवलं नाही. शेवटी मेंढी बांधाला वळसा घालून, तळ्याचा काठ धरून गोठ्यात शिरली, तेव्हा त्याने मांडीवर अशी थाप मारली की वाळल्या चिखलाचा खकाणा उडाला.

"गेली! बघा बाई, गेली!"

"मग?" मुंगी म्हणाली.

आटपाने पडद्याकडे पुन्हा बघितलं. गोठ्याचं दार उघडं होतं.

"मग दार लाव," तो म्हणाला.

शाळा सुटली. पोरं चपलांच्या ढिगावर तुटून पडली. आटपा पडवीत उभा राहिला, आलेलं काम आठवलं, घसा साफ केला. "बाई, ते उद्यापासून हिला..." आणि जन्माच्या सवयीने वाक्य तिथेच टाकून चपला शोधायला लागला.

"उद्यापासून हिला वेळेवर पाठवाल," बाई म्हणाल्या, "आणि भिंगरीलाही बरोबर घेऊन याल. फार बरं होईल. जोडीशिवाय अडतं हो."

उरलेला अर्धा ज्याने भरला, हुकूम त्याचा. हा धंदा आटपाच्या घरात इतकी वर्षं चालू होता; फक्त त्याच्यावर उलटला आज पहिल्यांदा.

संध्याकाळी तो अंगणात खाटेच्या कडेला टेकला. बायको डाव्या हाताने तांदूळ निवडत होती आणि खड्यांबरोबर थोडे तांदूळही बाहेर जात होते.

"काय म्हणाल्या बाई?" तिने विचारलं.

"जाऊ दे म्हणाल्या हिला."

"घरी?"

"शाळेत."

तिच्या ताटातले तांदूळ हलायला लागले. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ती हसत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "मुंगी सांगत होती. मेंढीला म्हणालात म्हणे, डोळे फुटले का."

"तू मला एक सांग. रानात माणसं माझं ऐकतात ना?"

"ऐकतात की."

"मग तुझा हात मोडल्यापासून सगळं उलटं का होतंय?"

तिने ताट बाजूला ठेवलं. "अहो, थोरल्या भाऊजींना तुम्ही पाण्याचं काय सांगितलं होतं?"

"तुझं झालं की इकडे वळव."

"मग?"

"मग काय..." तो अडला. आज हा प्रश्न त्याचा पिच्छाच सोडत नव्हता.

"मग दारावर कोण थांबणार होतं?"

"तू होतीस की. तू नेहमी..." आणि मग त्याला उमगलं, की हे 'नेहमी' आपल्याला ठाऊक आहे हे आपण कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती बहिणीकडे गेली होती. दादाला सांगितलं होतं तेवढं दादाने केलं होतं. पाणी वळवलं होतं. नाक बांधाला लावून मेंढी उभी राहिली आणि आपण मेंढीवर रुसलो, असं झालं.

"दादाने मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला.

"भाऊजींना मुद्दाम करायचं असतं तर आज तुमचं दार लावलं असतं का?" ती म्हणाली आणि ताट पुन्हा ओढून घेतलं.

सकाळी तो सामाईक बांधावर जाऊन उभा राहिला. दादा, वहिनी आणि भिंगरी कालच्या रबड्याच्या पलीकडे वाकून लागण करत होती. दादाची कंबर धरलेली दिसत होती. एक वाफा झाला की तो उभा राहून दोन्ही मुठी पाठीला लावायचा. रोप त्याचंही जून झालं होतं.

"दादा," आटपाने हाक मारली.

दादा सरळ झाला. वहिनीही सरळ झाल्या आणि पदराने तोंड पुसून ऐकायला सज्ज झाल्या.

आटपा वाटेत घोकत आला होता. "ऐक. पाण्याचं माझं चुकलं. मी अर्धंच बोललो. आता पुरतं सांगतो, मधे बोलू नकोस, नाहीतर विसरेन. आज सगळ्यांनी तुझ्या रानात. वाफा मी भिजवतो, तू आणि वहिनी लावा. लावत जायचं ते बांध लागेपर्यंत. बांध लागला की पुढचा वाफा. दारावर भिंगरी उभी राहील. पाणी वरंब्याच्या बोटभर खाली आलं की ती ओरडेल. ओरडली की मी दार लावणार आणि पुढचं मोडणार. मुंगी रोपं उपटून जुड्या आणेल, तुमच्या मुठीतली संपायच्या आत. दुपार झाली की दोन्ही पोरी शाळेत. त्या परत येईपर्यंत दार मी धरणार. तुझं रान संपलं की माझं, असंच. संपलं."

दादाने वाफ्यात रोवलेल्या फावड्यावर दोन्ही हात ठेवले आणि धाकट्या भावाला नीट न्याहाळलं, बाजारात जनावर न्याहाळतात तसं.

"एवढं बोलता येतं होय तुला?"

"कालपासून यायला लागलंय."

"मग?" दादा म्हणाला.

आटपा दचकला. काही राहिलं की काय? त्याने मनात सगळे ठोकळे वरून खाली तपासले. मग म्हणाला, "मग चहा. तुझ्याकडे. आमचीला एका हाताने जमत नाही."

वहिनी हसल्या. दादा हसला नाही, पण बांध ओलांडून आला आणि आटपाच्या खांद्यावरचं फावडं काढून आपल्या खांद्यावर घेतलं. त्याच्या खात्यात ही रक्कम मोठी होती.

लागण सुरू झाली. पहिल्या दिवशी आटपाने सांगण्याचा इतका धडाका लावला, की सगळ्यांना नको झालं. "वाकायचं. रोप घ्यायचं. मूळ खाली, पात वर..." "भाऊजी, मी कांदा लावतेय, जन्मापासून," वहिनी म्हणाल्या, "मला अक्कल आहे, मी खरी मेंढी." मेंढीची गोष्ट सगळ्या गावात झाली होती. मग हळूहळू त्याला कळत गेलं, कुणाला किती सांगायचं. भिंगरी दारावर उभी राहून मोटरीपेक्षा मोठ्याने ओरडायची. दुपारी पोरी हातपाय धुऊन शाळेकडे पळायच्या, आणि दोघा भावांच्या पाठी वाफ्यांमधून मागे मागे सरकत राहायच्या, कधी एकमेकांना धडकायच्या, तेवढ्यापुरती कंबर सरळ व्हायची. संध्याकाळी गार वाऱ्यात बोटं मिटत नसत, तरी चहाचा पेला धरायला ती बरोबर वळत. आधी दादाचं रान हिरवं झालं, मग आटपाचं. खाटेवरून बायको बघत होती. तिने एकदा हात वर करून काहीतरी खुणावलंसुद्धा. पण तेवढ्यात आटपाने आपणच जाऊन खचलेला वरंबा धरला, तेव्हा तिने हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा, हे तिला थोडा वेळ कळेना.

पेटी पुढच्या शाळेत जाण्याआधी बाईंनी घरच्यांना बोलावलं. पोरांनी बनवलेलं बघायला सगळे आले, सतरंजी पुरली नाही. बाईंनी कुठूनसा एक मोठा पडदा मिळवला होता. कुणी उडणारा मासा केला होता, कुणी आपली पायवाट. मुंगी आणि भिंगरीची पाळी आली.

पडद्यावर रान दिसलं. कोरडे वाफे, पाट, कोपऱ्यात गोठा आणि त्याच्यापुढे तीच मेंढी, आणि बांधावर एक माणूस, मिशीवाला. भिंगरीने त्याच्यावर बोट ठेवलं. माणूस म्हणाला, "आटपा!" काही झालं नाही. पुन्हा बोट. "आटपा!" पाणी जागच्या जागी, रोपं जागच्या जागी. लोकांना कळलं, आणि हसू पडवीपर्यंत गेलं. दादा, जो कधी हसत नसे, तो भिंतीला टेकून डोळे पुसायला लागला.

मग मुंगीने बटण दाबलं. माणसाच्या मागून एक छोटी बाई आली, एक हात पांढरा, गळ्यात अडकवलेला. ती काही बोलली नाही. ती ज्या वाफ्यावरून गेली तिथे पाणी आलं, बोटभर कमी असताना थांबलं, दार लागलं, रोपांची ओळ उभी राहिली. मग पुढचा वाफा. बांध लागेपर्यंत. सगळं रान हिरवं झालं, तेव्हा बांधावरचा माणूस पुन्हा म्हणाला, "आटपा!" आणि मेंढी गोठ्यात गेली.

आटपाने बायकोकडे बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती, पदराचं टोक दातांत धरून, अगदी मुंगी ओठ धरते तसं.

घरी जाताना ऊन कललं होतं. मुंगी पुढे धावत होती. आज बायको मागून चालत नव्हती. पांढरा हात सांभाळत शेजारून चालली होती.

"तुझा हात..." आटपा म्हणाला आणि थांबला.

तिने पुढचं भरलं नाही. नुसती चालत राहिली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आटपा दोन पावलं वाट बघत चालला, मग त्याला स्वतःलाच पुढे बोलावं लागलं.

"तुझा हात सुटला तरी रानात यायची घाई करू नकोस. दारं मी धरतो. वरंबे मी बघतो. पाणी सोडायचं मी, आणि लावायचंही मीच. सकाळचा चहासुद्धा मीच टाकतो."

मुंगी पुढून मागे वळली. उलटं चालत तिने विचारलं, "कुठपर्यंत, बाबा?"

आटपाने विचार केला. 'आटप' जिभेच्या टोकावर होतं, ते गिळलं.

"तुझी आई पुरे म्हणेपर्यंत," तो म्हणाला.

बाप-लेक आईच्या उत्तराची वाट बघत चालले. शाळेची वाट संपली, पाट आला, सामाईक विहीर आली, घराचं दार आलं. तिने 'पुरे' म्हटलं नाही.